दुधाचे महिने

गुंडेराव साहेबांनी जन्मात मासा खाल्ला नाही, शिंपल्याला बोट लावलं नाही, आणि सरकारनं त्यांना तेहतीस वर्षं मासेखात्यात ठेवलं. नोकरीचा कागद आला तेव्हा मैलूरच्या त्यांच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं म्हणे. महसूल मिळेल, नाहीतर शाळाखातं मिळेल, अशी आशा लावून बसलेली माणसं ती. त्यांच्या आईनं विचारलं होतं, "सरकारकडं दुसरं खातंच नव्हतं का रे?" ही गोष्ट साहेब स्वतःच हसत हसत सांगायचे.

मी अंकुशराव. हळ्ळीखेडचा, घरची थोडी शेती, आणि त्याच खात्यात राखणदार. साहेबांच्या हाताखाली मी एकोणीस वर्षं काढली. त्यांची जीप चालवली, पंचनाम्यांवर सह्या केल्या, आणि ज्याला ते शिवत नसत ते सगळं मी हातात धरलं. इतका स्वच्छ माणूस मी दुसरा पाहिला नाही, हे आधी सांगून टाकतो. आणि हेही सांगतो, की त्यांच्या जागी एखादा लाचखाऊ असता तर मल्लीकेरीच्या तळ्यात आज शिंपले असते. हे मी रागानं म्हणतोय असं वाटेल. रागानंच म्हणतोय.

मल्लीकेरी आमच्या गावापासून दोन कोसांवर. तळं जुनं, निजामाच्याही आधीचं म्हणतात, तळाशी काळा गाळ. त्या गाळात शिंपले व्हायचे, तळहाताएवढे. काठावर कोळ्यांची बारा-चौदा घरं. पुरुष जाळं टाकायचे, शिंपले मात्र बायकांचे. आतलं मांस कालवणाला, थोडं वाळवून बाजारात, आणि टरफलं भाजून पानाचा चुना. त्या चुन्यावर आमच्याकडच्या तीन बाजारांतली पानं रंगायची.

बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरायच्या आणि पायांनी शिंपला शोधायच्या. वाकायचं नाही, बघायचं नाही, नुसतं पायाच्या बोटांनी गाळ चाचपत जायचं. शिंपला लागला की आधी अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात धरून बघायचं. त्या फटीत मावला, तर पोर आहे, सोडून द्यायचा. मोठा असला तर वर काढायचा. आणि होळी पेटली की काठावरच्या उंबराच्या मुळाला लाल चिंधी बांधायची. ती चिंधी दिसली की पाण्यात कुणी उतरायचं नाही, थेट मिरग निघेपर्यंत. त्या महिन्यांत शिंपल्याच्या पोटात दूध असतं, असं त्या म्हणायच्या. दुधाचे महिने. आषाढ लागला, की तळं भरायच्या आत, पाणी अजून कमरेएवढं आहे तोवर, पोळ्यापर्यंत त्यांची खरी सुगी.

मला हे सगळं ठाऊक होतं. आमच्या घरी आई शिंपल्याचं कालवण करायची, आणि उन्हाळ्यात मागितलं तर पाठीत धपाटा घालायची.

या बायकांची पुढारी नागव्वा. उंच, काळीसावळी, आवाज असा की या काठावरून त्या काठावरच्या म्हशी वळवील. तिला कुणी पुढारी नेमलं नव्हतं. चिंधी तिची सासू बांधायची, सासू गेल्यावर ती बांधायला लागली, एवढंच. आमचं ऑफिस बिदरला. तिथं फाइल कन्नडात, हुज्जत दखनीत आणि शिव्या मराठीत. त्या ऑफिसात नागव्वा एक दिवस स्वतःहून आली. दोन हजार पंधरा साल असेल.

"साहेब, आमचे शिंपले चोरायलेत," ती दारातूनच म्हणाली.

हुमनाबादला हायवेलगत कोंबड्यांचं खाद्य करणारे कारखाने आहेत. त्यांना टरफलांचा भुगा लागतो. बसवेश नावाचा एक ठेकेदार तो पुरवायचा. आंध्रातून आणणं महाग पडायला लागलं, तेव्हा त्याला मल्लीकेरीची आठवण झाली. भर दिवसा त्याची माणसं लॉरी घेऊन यायची, लोखंडी दंताळ्यांनी गाळ ओरबाडायची, लहान-मोठं सगळं पोत्यात भरायची. बायकांनी दोनदा दगड मारून पिटाळलं. तिसऱ्यांदा त्यांच्या बाजूनंही दगड आले.

"आमी किती दिस भांडावं?" नागव्वा म्हणाली. "तुमी सरकार हाव. तुमी काहीतरी नेम करा."

साहेबांनी तिला खुर्ची दिली. आमच्या ऑफिसात कोळणीला खुर्ची देणारा तोच पहिला साहेब. सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही काळजी करू नका. हे तळं मी वाचवतो." ती जाताना मला म्हणाली, "अंकुशअण्णा, साहेब देवमाणूस दिसायलाय." आणि ते खरंच होतं.

साहेबांची रीत अशी होती: डबा घरचा, पाण्याची बाटली घरची, आणि तळ्यावर दुपार झाली तर जीपमध्ये तळ्याकडे पाठ करून जेवायचे. मासा दाखवायचा तर पेनानं. मोजायचा तर मी धरायचा, ते चार हातांवरून आकडा लिहायचे. घरी गेले की सुशीलाबाई मागच्या दारी पाण्याची बादली काढून ठेवायच्या. आंघोळ झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मी एकदा म्हटलं, "साहेब, कंटाळा नाही येत?" तर म्हणाले, "अंकुशराव, काम सरकारचं, सोवळं माझं. दोन्ही सांभाळता येतं." मला तेव्हा ते फार पटलं होतं.

नियम करायच्या आधी त्यांनी मल्लीकेरीला मारुतीच्या पारावर बैठक घेतली. दुसऱ्या कुठल्या साहेबानं तेवढीही घेतली नसती. चैत्र होता, ऊन मी म्हणत होतं. साहेबांनी मसुदा वाचून दाखवला. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत शिंपले काढायला बंदी. बाकीचे महिने मोकळे, पण खात्याची पावती फाडून. आणि लोखंडी कडी करून घेतली होती, त्या कडीतून जो शिंपला खाली पडेल तो परत पाण्यात सोडायचा.

बायकांत कुजबुज झाली. नागव्वा उठली.

"साहेब, उलटं झालं की हे. आषाढात तर आमची सुगी. बंद करायचं तर आत्ता करा. आत्ता पोटात दूध हाय."

"चातुर्मास आहे, बाई," साहेब शांतपणे म्हणाले. "पावसाळ्यात मासळीची वीण असते, सगळीकडे तेव्हाच बंदी असते. शिवाय चातुर्मासात जीव मारू नये, हे आपल्या लोकांना सांगावं लागत नाही. आपोआप पाळतील. आणि उन्हाळ्यात पाणी कमी. तुम्हालाच उतरायला सोपं."

बघा, त्यात वाईट काय होतं? माणूस बायकांच्या सोयीचा विचार करत होता. पंचांग उघडून, मासळीचं पुस्तक उघडून, दोन्ही जुळतायत हे बघून त्यानं तारखा घातल्या होत्या. एकच गोष्ट उघडून बघायची राहिली होती.

ती नागव्वानं आणली होती. पदराखालून तिनं एक शिंपला काढला आणि तिथंच विळीच्या पात्यानं उघडला. "तुमाला दाखवायपायी आज एक मारलाय, देवी माफ करील," असं म्हणत ती साहेबांच्या खुर्चीपर्यंत आली आणि उघडा शिंपला त्यांच्या तोंडापुढं धरला. आतले पडदे फुगून साईसारखे पांढरे झाले होते.

साहेबांनी मान फिरवली. नाकाला रुमाल लावला. रागानं नव्हे हो, सोवळ्याच्या सवयीनं. "अंकुशराव, ते जरा बाजूला घ्या," म्हणाले. आणि वेळ मारून नेण्यासाठी हसून म्हणाले, "शिंपल्याला कसलं आलंय दूध? धार काढता का त्याची?"

पार हसला. ग्रामपंचायतीची माणसं हसली, तलाठी हसला. मीही हसलो. हसत हसतच नागव्वाच्या हातातून शिंपला घेतला आणि पाराच्या मागं टाकला. कावळ्यानं नेला असेल.

नागव्वा जागेवर जाऊन बसली. तिचा अंगठा त्या कागदावर आहे, "सर्वानुमते" या शब्दाच्या खाली.

पहिल्याच श्रावणात साहेबांनी धाड घातली, आणि सापडली कोण? नागव्वा. अर्धी टोपली शिंपले, पदर कमरेला खोचलेला, कमरेएवढ्या पाण्यात. ती पळाली नाही. "पिढ्यान्‌पिढ्या याच महिन्यात काढायलोत साहेब," म्हणाली. साहेबांना वाईट वाटलं, हे मी शपथेवर सांगतो. पण नियम करायला सांगणारीच नियम मोडते म्हटल्यावर त्यांना सोडता येईना. टोपली पाण्यात ओतली आणि गुन्हा नोंदवला. पुढं दीड वर्ष ती हुमनाबादच्या कोर्टात तारखांना यायची. कोर्टातला शिपाई तिला नावानं हाक मारत नसे. "शिंपलेचोर कोण? चला आत," असं ओरडायचा, आणि ती उठून जायची.

त्याच भाद्रपदात बसवेशची लॉरीही साहेबांनी धरली. बसवेशनं पाकीट काढलं, वरून फोन आले, बदलीची धमकी आली. साहेब बधले नाहीत. लॉरी तीन महिने ठाण्यात गंजत उभी होती. पेपरात फोटो आला. मला वाटलं, जिंकलो.

बसवेश मूर्ख नव्हता. त्यानं आमचा नियम कुणाकडून तरी वाचून घेतला. चैत्रात तो दोन ट्रॅक्टर, चार लोखंडी दंताळी आणि रीतसर फाडलेल्या पावत्या घेऊन तळ्यावर आला. काठावर खुर्ची टाकून बसला आणि मला म्हणाला, "साब को बुलाओ, सब कायदेसे है." साहेब आले. पावत्या तपासल्या, बरोबर होत्या. मग माझ्याकडून कडीतून एकेक शिंपला सोडवून बघितला. लहान ते खाली पडले, ते परत पाण्यात सोडायला लावले. मोठे कडीवर राहिले. मोठ्यांतच माद्या, दुधानं भरलेल्या. त्यांची पोती झाली.

उंबराला चिंधी बांधलेली होती. बायका काठावर आडव्या उभ्या राहिल्या. नागव्वानं माझा हात धरला. "अण्णा, तुमी तरी सांगा की त्यांला. तुमच्या आईनं तुमाला शिकवलं न्हाई व्हय?"

मी सांगायला हवं होतं. इथं तरी सांगायला हवं होतं. पण साहेब लिहीत होते, बसवेश बघत होता, आणि मला वाटलं, सरकारी माणसानं कोळणीचं ऐकून साहेबाला शिकवायचं म्हणजे कसं दिसेल. मी म्हटलं, "अक्का, परवाना आहे त्याच्याकडं." तिनं हात सोडला.

साहेबांनी पंचनाम्यावर सही केली. चार उन्हाळे असे गेले. दर चैत्रात ट्रॅक्टर, आणि दर श्रावणात आमचा पहारा, रिकाम्या पाण्यावर. लाच खाणारा साहेब असता तर त्यानं श्रावणात टोपलीभर शिंपल्यांवर बायकांना सोडलं असतं आणि बसवेशकडून आणखी पैसे उकळावेत म्हणून उन्हाळ्यात त्याच्या कागदात खोट काढली असती. आमच्या साहेबांना खोट काढता आली नाही, कारण कागद त्यांनीच केला होता आणि तो निर्दोष होता. चौथ्या वर्षी ट्रॅक्टरवाल्यांनाच परवडेना. बसवेशनं पुन्हा आंध्रातून माल आणायला सुरुवात केली. पाणी गाळून स्वच्छ ठेवणारे शिंपलेच संपले, तसं तळं हिरवं पडलं, पाण्याला वास यायला लागला, मासेही कमी झाले. साहेबांनी अहवालात लिहिलं, "अवैध शिंपला उपसा पूर्णपणे थांबला आहे." त्याबद्दल त्यांना जिल्ह्याकडून प्रमाणपत्र मिळालं. ते मैलूरच्या घरात देवघराशेजारच्या भिंतीवर आहे.

दोन हजार एकवीसला साहेब निवृत्त झाले, पाठोपाठ मीही. नागव्वा हुमनाबादला एका ढाब्यावर भाकऱ्या थापायला लागली होती. कोळ्यांची निम्मी घरं कुलपात गेली.

गेल्या चैत्रात साहेबांची मुलगी नेत्रा हिचा मला फोन आला. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, कलबुर्गीहून नुकतीच बिदरला बदलून आली होती. "काका, मुलांना प्रॅक्टिकलला शिंपले हवेत. एका बाकाला एक. सात बाकं आहेत. मिळतील का कुठं?" पोर लहानपणी माझ्या जीपमध्ये बसलेली. मी म्हटलं, बघतो.

मल्लीकेरीला दोन सकाळी मी पाण्यात घातल्या. पायांना नुसता गाळ. मग उंबराकडं गेलो. त्याची मुळं पाण्यात उतरलीत, तिथं सावलीला थोडा स्वच्छ पाण्याचा पट्टा होता. मुळाला लाल चिंधी होती. कुणाचा तरी नवस असेल, असं मी मनाला सांगितलं. ओळखलंच नाही असं म्हणणार नाही. मला एवढंच वाटलं, की आता तळंच मेलंय, चिंधी कसली पाळायची, आणि सात शिंपल्यांनी काय होतंय. मुळाखाली पाय घातला तर एकाशेजारी एक लागले. नेमके सात. मला तर आनंद झाला.

मैलूरला साहेबांच्या मागच्या अंगणात नेत्रानं त्यातला एक धुण्याच्या दगडावर उघडून पाहिला, मुलांना काय दाखवायचं ते ठरवायला. साहेब आतल्या दारात जपमाळ घेऊन बसले होते. तिनं वडिलांना हाक मारली, "अण्णा, इकडं या! हे बघा. हे पडदे दिसतायत पांढरे? ही पिल्लं आहेत, हजारोंनी. ही मादी आहे."

साहेब उठले. यायचे नाहीत असं मला वाटलं, पण आले. वाकले. रुमाल नाही, काही नाही. बराच वेळ त्या शिंपल्याकडं बघत राहिले. मग विचारलं, "नेत्रा, ही पिल्लं साधारण कोणत्या महिन्यात असतात?"

"आत्ताच की, अण्णा. उन्हाळ्यात. पावसाळा लागेपर्यंत सोडून देते ती."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "अंकुशराव, तुम्हाला हे माहीत होतं?"

"व्हय, साहेब."

"मग बोलला का नाहीत?"

बारा वाक्यं जिभेवर आली. एकही खरं नव्हतं. साहेब आत गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत, असं सुशीलाबाईंनी नंतर सांगितलं.

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. "नागव्वाबाईंकडे जायचंय," म्हणाले. आम्ही बसनं हुमनाबादला गेलो. ढाब्याच्या मागं पत्र्याखाली ती चुलीपुढं बसली होती. केस पांढरे झालेले. साहेबांना बघून उठली नाही.

साहेब तिच्यासमोर जमिनीवर बसले. आयुष्यभर धोतराला मातीचा डाग न लागू देणारा माणूस राखेत बसला. हात जोडले. "बाई, तुम्ही मला दाखवत होतात. मी पाहिलं नाही. पाप झालं माझ्या हातून."

नागव्वा भाकरी थापत राहिली. "तवा तोंडापुढं धरून दाखवायलते, तवा तोंड फिरवलाव. आता कुठं बघितलाव?"

"घरी. मुलीनं उघडला एक."

"शिंपला?" तिचा हात थांबला. "कुठला?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मला सांगावं लागलं. "मल्लीकेरीचा. उंबराच्या मुळाखाली सापडले."

"चिंधी व्हती की तिथं."

"होती," मी म्हटलं.

"शेवटच्या साली ट्रॅक्टरच्या ढिगातून वटीत घालून पळवलते मी ते," ती म्हणाली. तिचा तो म्हशी वळवणारा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "चोरलते म्हना. मुळाखाली सोडले. दर होळीला इथनं जाऊन चिंधी बांधायलते. वाटलं, पहारा बी न्हाई आता, बसवेश बी न्हाई, हळूहळू व्हतील. किती काढलाव, अण्णा?"

"सात."

"सातच व्हते."

साहेब एकदम माझा हात धरून म्हणाले, "नेत्राला फोन लावा. उरलेले सहा तिच्याकडं आहेत. पाण्यात ठेवले असतील. आत्ताच्या आत्ता परत आणून सोडू." मी फोन लावला.

"काका, परवा मिळाले ते ना?" नेत्रा म्हणाली. "अहो, कालच झालं प्रॅक्टिकल. मुलं इतकी खूश! सगळ्यांच्यात पिल्लं सापडली."

मी फोन बंद केला. नागव्वानं विचारलं, "काय म्हनली?" मी सांगितलं. तव्यावरची भाकरी करपत होती. तिनं ती उलटली, बाजूला ठेवली आणि परातीतल्या पिठाचा पुढचा गोळा घेतला.